स्थानी आणि आदेश : भाषाविषयक कोष्टकांतील मूल्यबदलाचा विचार

साहित्याचा अभ्यासक कोष्टकांपासून दूर असतो, हा समज तितकासा खरा नाही. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागात 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची नोंद केली, तेव्हा त्यांनी वस्तुतः एक प्रचंड कोष्टकच उभे केले होते. प्रत्येक ग्रंथ ही त्यातील एक ओळ आणि कर्ता, शीर्षक, वर्ष, प्रकाशनस्थळ हे तिचे रकाने. दिल्लीत साहित्य अकादमीने बी. एस. केशवन आणि व्ही. वाय. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली 1901 ते 1953 या काळातील भारतीय साहित्याची जी राष्ट्रीय ग्रंथसूची सिद्ध केली, तिची जातकुळी हीच. मात्र ही कोष्टके छापील होती आणि त्यांतील एखादी नोंद बदलावयाची तर संपादकास ती हाताने, एकेक करून, डोळ्यांखालून घालून बदलावी लागे. आज विद्यापीठांतील संशोधक अशा सूची संगणकावर घेतात आणि सांख्यिकीसाठी रचलेल्या एखाद्या भाषेतील आज्ञेने हजारो नोंदी क्षणात पालटतात. या पालटण्याचे स्वरूप काय, आणि त्यात भाषेच्या व साहित्याच्या अभ्यासकाचे काय पणाला लागते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

अशा भाषांपैकी विद्यापीठीय क्षेत्रात विशेष रुळलेली भाषा म्हणजे ‘आर’. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती घडविली. तिच्या नावात या दोघांचे समान आद्याक्षर आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 पासून विकसित केलेली ‘एस’ ही तिची पूर्वज भाषा. ‘आर’ची पहिली पूर्ण आवृत्ती 29 फेब्रुवारी 2000 रोजी निघाली, आणि ती कोणासही विनामूल्य वापरता येते.

या भाषेत कोष्टकाचा प्रत्येक रकाना ही मूल्यांची एक मालिका असते. मूल्य बदलावयाचे म्हणजे प्रथम त्या मालिकेस एक प्रश्न विचारावयाचा : ‘येथे कोंकणी असे लिहिले आहे काय?’ उत्तरादाखल तितक्याच लांबीची होय-नाहीची मालिका मिळते. मग जेथे जेथे ‘होय’ आले त्या स्थानी नवे मूल्य, समजा अनुस्वारविरहित ‘कोकणी’, ठेवावयाचे. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहिता येतात. या सोयीविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु ही ओळ लिहिताना आपण एक संपादकीय निर्णय घेत आहोत याची जाणीव तिच्या आखूडपणामुळे सहज हरपते.

या क्रियेचे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. पाणिनीय व्याकरणात ज्याच्या जागी दुसरे काही येते तो ‘स्थानी’ आणि जे येते तो ‘आदेश’. पाणिनीने येथे एक अत्यंत सूक्ष्म व्यवस्था केली आहे. आदेश आला तरी, काही अपवाद वगळता, तो स्थानीसारखाच मानला जातो. म्हणजे गेलेल्याचे गुणधर्म आलेल्याच्या ठायी स्मरणात राहतात. यालाच स्थानिवद्भाव म्हणतात. संगणकाच्या आदेशास हा गुण उपजत नाही. रकान्यात ‘कोकणी’ लिहिले गेले की तेथे पूर्वी ‘कोंकणी’ होते की ‘मालवणी’, हे सांगणारी कोणतीही खूण त्या कोष्टकात शिल्लक राहत नाही. ती ठेवावयाची तर अभ्यासकाने स्वतः ठेवावी लागते. पुढील सर्व विवेचन या एका मुद्द्याभोवती फिरणार आहे.

भाषानामांच्या बाबतीत असा आदेश किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतो, हे पाहण्यासाठी भारताच्या जनगणनेइतके दुसरे उदाहरण नाही. 2011 च्या जनगणनेतील कुटुंबपत्रिकेत मातृभाषेचा प्रश्न होता आणि उत्तरदात्याने जे नाव सांगितले ते लिहून घ्यावयाचे होते. सर्व देशातून अशी 19,569 निरनिराळी नावे आली. एकाच नावाची वेगवेगळी लेखनरूपे त्यांत असतात. भाषेच्या जागी प्रदेशाचे वा ज्ञातीचे नाव सांगितलेलेही असते. छाननीनंतर या नावांतून 1,369 मातृभाषा निश्चित करण्यात आल्या. आणखी 1,474 नावांचे वर्गीकरण होऊ न शकल्याने ती ‘इतर’ या सदरात गेली. निश्चित झालेल्यांपैकी देशभरात 10,000 वा अधिक भाषक असलेल्या मातृभाषांची संख्या 270 भरली, आणि त्यांचे गट करून शेवटी 121 भाषा राहिल्या : 22 आठव्या अनुसूचीतील आणि 99 अन्य. हे कोष्टक दिल्लीहून 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. 19,569 पासून 121 पर्यंतचा हा प्रवास म्हणजे एका रकान्यातील मूल्यांच्या जागी दुसरी मूल्ये ठेवण्याचीच, एकामागून एक केलेली, क्रिया होय.

या क्रियेमुळे संख्या कशा हलतात ते हिंदीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. 2011 च्या कोष्टकात हिंदीचे भाषक 52,83,47,193 आहेत. पण आपली मातृभाषा हिंदी या नावाखाली गणली गेलेल्यांची संख्या 32,22,30,097 इतकीच आहे. उरलेल्यांत भोजपुरी सांगणारे 5,05,79,447 आणि राजस्थानी सांगणारे 2,58,06,344 लोक आहेत. गटाचे नाव हिंदी असल्याने ते हिंदीत आले. मैथिली 1991 च्या कोष्टकात हिंदीखाली होती. 2003 च्या घटनादुरुस्तीने ती अनुसूचीत आली, आणि 2001 च्या जनगणनेच्या प्रसिद्ध कोष्टकांत स्वतंत्र झाली. दोन जनगणनांतील ‘हिंदी’ हा शब्द एक असला तरी त्याखालील माणसे एक नाहीत. ज्याने फक्त वरच्या पातळीची मूल्ये उतरवून घेतली त्याला दहा वर्षांतील वाढ काढताना हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

जनगणनेच्या न्याय्य बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिने गटनाम आणि मातृभाषा अशा दोन पातळ्या छापल्या आहेत, म्हणून तर वरील वजाबाकी आपल्याला करता आली. दहा हजारांवरील मातृभाषेपुरता तरी स्थानिवद्भाव तेथे राखला गेला आहे. त्याखालची नावे मात्र ‘इतर’ या एका शब्दात विलीन होतात.

मराठीच्या अभ्यासकास यातील अडचण अधिक जवळून भेटते. 2011 मध्ये मराठीचे भाषक 8,30,26,680 नोंदले गेले. त्याच कोष्टकात खानदेशी ही मराठीहून वेगळी, अनुसूचीबाहेरील भाषा आहे. तिचे भाषक 18,60,236, आणि त्यांतील 16,36,465 जणांची मातृभाषा अहिराणी अशी नोंद आहे. मालवणी कोकणीच्या गटात आहे. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणात चित्र निराळे होते : 1905 च्या सातव्या खंडात कोकणी ही मराठीची बोली म्हणून आली, तर खानदेशी 1907 च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांच्या शेजारी बसली. आणि आपल्या ग्रंथसूची व अभ्यासक्रम? तेथे खानदेशातील लेवा बोलीत रचलेली बहिणाबाई चौधरी यांची गाणी निःसंशय मराठी कविता आहेत, आणि गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक मराठी रंगभूमीचे आहे. या तीन व्यवस्थांपैकी कोणतीही एक चूक आहे असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. प्रत्येकीचे प्रयोजन वेगळे आहे. प्रश्न असा, की ‘भाषा’ नावाचा एकच रकाना ठेवून त्यात यांपैकी एका व्यवस्थेचे मूल्य घातले, तर बाकीच्या दोहोंचा पुरावा त्या कोष्टकातून नाहीसा होतो.

आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने बोलींतील साहित्याचे कोष्टक केले. जनगणनेशी मेळ घालण्यासाठी त्याने आज्ञा दिली, की अहिराणीच्या जागी खानदेशी लिहावे. काही दिवसांनी, मराठी ग्रंथांची एकूण संख्या काढण्यासाठी, त्याने दुसरी आज्ञा दिली, की खानदेशीच्या जागी मराठी लिहावे. दुसरी आज्ञा पहिलीने निर्माण केलेल्या मूल्यांवरही चालली. अहिराणी मराठीत गेली. तसा निर्णय कोणी कधी घेतला नव्हता. एकामागून एक चालणाऱ्या आदेशांत क्रमाला महत्त्व असते, हे पाणिनीच्या वाचकास सांगावयास नको. यावर उपाय असा, की सर्व आदेश मूळ रकान्यावर एकाच वेळी लावावेत. त्यासाठी ‘मॅच’ नावाची क्रिया उपयोगी पडते : मूळ नावांची व आदेशांची एक लहान यादी वेगळी करावयाची, आणि प्रत्येक मूल्य त्या यादीत कोठे सापडते ते पाहून त्यासमोरचे मूल्य उचलावयाचे.

दुसरा धोका अंशतः जुळणाऱ्या शब्दांचा. संपूर्ण मूल्य न पाहता त्यातील अक्षरे शोधणारी क्रियाही या भाषेत आहे, आणि ती फार सोयीची वाटते. पण ‘मराठी’ शोधा म्हटले की ती ‘अमराठी’तही सापडते. ‘अमराठी लेखक’ असा रकाना असलेल्या सूचीत ‘मराठी’च्या जागी सांकेतिक अक्षर घातले, तर नकारार्थी ‘अ’ त्या अक्षराला चिकटून एक निरर्थक मूल्य जन्माला येते. येथे निदान निरर्थकपणा डोळ्यांस दिसतो. अनेकदा तो दिसत नाही.

देवनागरीच्या लेखनाने यात आणखी भर घातली आहे. ‘कोंकणी’ आणि ‘कोकणी’, ‘हिन्दी’ आणि ‘हिंदी’ हे भेद वाचकास दिसतात. परंतु डोळ्यांस न दिसणारे भेदही आहेत. ‘दुसऱ्या’ या शब्दातील आडवा रफार संगणकात दोन प्रकारे साठविला गेलेला आढळतो : एकदा नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडून, आणि एकदा साध्या हलन्त ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच उमटतात. ‘आर’च्या दृष्टीने मात्र ती दोन भिन्न मूल्ये आहेत, आणि एकावर दिलेला आदेश दुसऱ्यावर चालत नाही. शिवाय पहिल्या प्रकारातील ‘ऱ’ हे एकच वर्णचिन्ह असू शकते किंवा ‘र’ आणि नुक्ता अशी जोडीही असू शकते. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने, ज्याची सोय ‘स्ट्रिंगी’ या पूरक संचात आहे, हा शेवटचा भेद मिटतो; अदृश्य जोडचिन्हाचा मिटत नाही. त्यासाठी वेगळा आदेश द्यावा लागतो. मराठी नावांच्या कोष्टकावर काम करणाऱ्याने प्रथम हे लेखनशुद्धीचे काम करावे आणि मगच अर्थाच्या बदलास हात घालावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. 

‘आर’मध्ये मूल्यांचा ‘फॅक्टर’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात रकान्यातील संभाव्य मूल्यांची यादी आधीच ठरलेली असते, आणि प्रत्यक्ष ओळींत त्या यादीतील क्रमांक तेवढे असतात. जनगणनेच्या 121 भाषांप्रमाणेच ही एक अनुसूची आहे असे समजावे. अनुसूचीत नसलेले नाव एखाद्या ओळीत घालू गेल्यास भाषा ते स्वीकारीत नाही. इशारा देते आणि ती जागा अज्ञात म्हणून रिकामी करते. म्हणजे ‘कोकणी’च्या जागी ‘मालवणी’ लिहू पाहणाऱ्यास ना कोकणी मिळते ना मालवणी. 2020 मध्ये निघालेल्या चौथ्या आवृत्तीपासून कोष्टक वाचताना शब्दांचे आपोआप असे रूपांतर होणे थांबले आहे. जुन्या आज्ञावली वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. याच प्रकाराचा एक विनोदी वाटणारा परिणाम प्रकाशनवर्षांच्या बाबतीत होतो. वर्षांचा रकाना फॅक्टर होऊन बसला असेल आणि त्याचे थेट संख्येत रूपांतर केले, तर 1885 च्या जागी वर्ष न येता त्याचा यादीतील क्रमांक येतो, आणि ग्रंथ इसवी सन 1 मध्ये प्रसिद्ध झाल्याचे दिसते.

अज्ञात मूल्याचा विचार अधिक गंभीर आहे. ‘आर’मध्ये त्यास ‘एनए’ म्हणतात. पाणिनीच्या मते लोप म्हणजे अदर्शन : जे असावयास हवे होते ते न दिसणे. लोप हाही एक आदेश, आणि जेथे मुळात काहीच नव्हते त्याहून तो वेगळा. ‘एनए’ हे असेच चिन्ह आहे. त्याचा अर्थ ‘भाषा नाही’ असा नसून ‘भाषा आहे, पण आपल्यास माहीत नाही’ असा आहे. म्हणून ‘हे मूल्य मराठी आहे काय’ असे एनएला विचारले तर उत्तर होयही येत नाही आणि नाहीही येत नाही. उत्तर पुन्हा एनए येते. तर्कदृष्ट्या हे अगदी योग्य आहे. पण ‘मराठी नसलेले ते सर्व इतर’ अशा ढोबळ हेतूने आज्ञा लिहिणाऱ्याच्या कोष्टकात त्यामुळे मराठी, इतर आणि एनए असे तीन वर्ग उरतात. आणि मोजणीची ‘टेबल’ ही क्रिया वेगळे सांगितल्याशिवाय एनए मोजत नाही. बेरीज कमी भरते. मग घाईने एनएच्या जागी ‘इतर’ लिहिले जाते, आणि ज्यांची भाषा आपल्याला माहीत नाही ते ग्रंथ मराठीतर ठरतात. ‘इतर’ आणि ‘अज्ञात’ यांची सरमिसळ हा माझ्या मते अशा कोष्टकांतील सर्वांत मोठा दोष आहे, कारण त्यात अभ्यासकाचे अज्ञान वस्तूच्या माथी मारले जाते.

साहित्याच्या सूचींत केवळ एका रकान्याकडे पाहून आदेश देता येत नाही, याचे एक सुंदर उदाहरण वर्षांत आहे. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ मराठी ग्रंथांवर शालिवाहन शक छापलेला असे. शके 1805 म्हणजे इसवी सन 1883–84. सूची करताना ‘शके’ हा शब्द गळला आणि 1805 एवढेच उतरले, तर ते इसवी सनासारखे दिसते. आता ‘सर्व लहान आकड्यांत 78 मिळवा’ असा नियम करावा, तर विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे खरोखरच इसवी सन 1805 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. एकाच रकान्यातील तेच चार अंक एका ओळीत बदलावयास हवेत आणि दुसरीत बदलता कामा नयेत. येथे कालगणनेचा स्वतंत्र रकाना असलाच पाहिजे, आणि प्रश्न दोन्ही रकान्यांस मिळून विचारला पाहिजे. त्यातही चैत्रापूर्वीच्या महिन्यांत फरक 78 चा नसून 79 चा असतो, म्हणून महिना ठाऊक नसल्यास जोडवर्ष ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग.

कर्त्यांच्या नावांचेही असेच. कृष्णाजी केशव दामले यांच्या जागी केशवसुत लिहिल्याने फारसे बिघडत नाही. पण राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदी लेखनात बाळकराम होते. नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे. ‘जोगवा’ आरती प्रभूंचा, ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांची. व्यक्ती मोजावयाच्या असतील तर ही नावे एक केली पाहिजेत हे उघड आहे. नपेक्षा एका माणसाचे तीन लेखक होतात. परंतु टोपणनाव आणि वाङ्मयप्रकार यांचा संबंध हाच ज्याच्या अभ्यासाचा विषय आहे, त्याच्या दृष्टीने त्या एकीकरणाने विषयच पुसला जातो.

तेव्हा पद्धत अशी असावी, की मूळ रकाना कधीही बदलू नये. जसे मुखपृष्ठावर वा जनगणनेच्या कागदावर आहे तसे मूल्य त्यात राहावे, चुकीचे शुद्धलेखनसुद्धा. त्याच्या शेजारी आदेशांचे रकाने असावेत, आणि ते भरण्यासाठी एक वेगळे अनुबंध-कोष्टक असावे : स्थानी कोणता, आदेश कोणता, कोणाच्या आधारे, केव्हा ठरविला. ‘मर्ज’ या क्रियेने हे दोन तक्ते जोडता येतात. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अनुबंधात एखादे नाव नसेल तर, वेगळे सांगितल्याशिवाय, त्या नावाच्या सर्व ओळी जोडलेल्या कोष्टकातून कोणताही इशारा न देता गळतात. उलट एकच टोपणनाव दोघांनी वापरले असून अनुबंधात ते दोनदा आले असेल तर ओळी दुणावतात. म्हणून जोडण्यापूर्वीची व नंतरची ओळींची संख्या ताडून पाहावी, आणि जुने मूल्य उभे व नवे मूल्य आडवे असे पडताळ्याचे कोष्टक, एनएसह, काढावे. पाठचिकित्सेतील संपादक स्वीकृत पाठ वर छापतो आणि पाठभेद तळाशी देतो. हस्तलिखिते कोणीही जाळीत नाही. हे त्याहून निराळे नाही.

अशा कोष्टकात ‘वस्त्रहरण’च्या ओळीत मूळ रकान्यात ‘मालवणी’ राहील, ग्रंथसूचीच्या रकान्यात ‘मराठी’, 2011 च्या जनगणनेच्या रकान्यात ‘कोकणी’. ‘बहिणाबाईंची गाणी’ या 1952 च्या संग्रहाच्या ओळीत मूळ रकान्यात ‘लेवा बोली’ आणि सूचीच्या रकान्यात ‘मराठी’ येईल. जनगणनेचा रकाना ‘अज्ञात’ ठेवावा लागेल, कारण त्या कवितेची भाषा जनगणनेने कोणाला विचारलेली नाही. पुढील जनगणनेची संदर्भतिथी 1 मार्च 2027 ही जाहीर झाली आहे. तिची भाषाकोष्टके निघतील तेव्हा अनुबंधात आणखी एक रकाना वाढवावा लागेल. आधीचे तसेच राहतील.